महत्त्वाचे कागद

कापडे, ता. पोलादपूर
६ मार्च २००५

प्रिय नासिर,

नमस्कार. मी बरा आहे, घरचे बरे आहेत, माझी राजदूत फटफटीही बरी आहे. एवढं लिहून झालं, आता मला भांडू दे.

आपलं गाड्यांचं मासिक, 'वेगवाट', बंद पडलं. त्यांच्या भाषेत बंद नाही पडलं, 'इंटरनेटवर आलं'. मार्चचा अंक शेवटचा छापील अंक. परवा महाड स्टँडच्या स्टॉलवर घेतला तर हातात पापड धरल्यासारखा वाटला, आणि पहिल्याच पानावर संपादकांनी लिहिलंय की वाचकांच्या सोयीसाठी यापुढे मासिक संगणकावर वाचता येईल. अरे, अकरा वर्षं मी ह्यांचा वाचक आहे, मला कुणी विचारलं? माझी सोय म्हणजे गोठ्याच्या ओट्यावर बसायचं, चहाचा कप पानावर टेकवायचा आणि कार्ब्युरेटरचं चित्र उलटंसुलटं करून बघायचं. आता काय संगणक उलटा धरू?

तरी म्हटलं, न बघता शिव्या देणं बरं नाही. म्हणून महाडला उझैरच्या सायबर कॅफेत गेलो. त्याने पत्ता टाइप केला आणि आम्ही दोघं बसलो वाट बघत. नव्या गाडीचा फोटो वरून खाली उतरायला लागला, पट्टी-पट्टीने. आधी आभाळ, मग आरसा, मग हँडल. हेडलाइट अर्धा आला आणि वीज गेली. उझैर म्हणतो, थांबा काका, येईल, घाई काय आहे. अर्ध्या तासाचे पैसे देऊन मी अर्धा हेडलाइट बघून आलो.

नासिर, आपला अंक कसा फिरायचा ते आठव. स्टॉलवर तू घ्यायचास, तुझ्या स्पेअर पार्टच्या दुकानात बसून वाचायचास, समासात पेन्सिलीने तुझी अक्कल पाजळायचास आणि पोलादपूर गाडीच्या कंडक्टरकडे द्यायचास. इकडे स्टँडवर हैबती चहावाला तो माझ्यासाठी गल्ल्याखाली ठेवायचा. मी तुझ्या अकलेखाली माझी लिहायचो आणि बाजारच्या दिवशी अंक परत तुझ्याकडे. तुझं आपलं फोर-स्ट्रोकचं कौतुक आणि माझं टू-स्ट्रोकचं. इंटरनेटला समास असतो का रे?

आता मुद्द्याचं. मी पुण्याला त्यांच्या कचेरीत फोन लावला, जुने अंक मिळतील का विचारायला. तिथली बाई म्हणाली, गोडाऊन रिकामं केलं, सगळे रद्दीत दिले. एवढं शांतपणे म्हणाली की मी फोनच ठेवून दिला. म्हणजे पहिल्या अंकापासून सगळा संच आता बहुधा आपल्या दोघांकडेच आहे. तू कुवेतला गेल्यानंतरचे अंक माझ्याकडे आहेत, त्याआधीचे तुझ्या महाडच्या घरी पत्र्याच्या पेटीत. मला किल्ली पाठव. पेटी कापड्याला आणतो आणि सगळे ओळीने लावून ठेवतो. छापणाऱ्यांनी सोडलं म्हणून आपण सोडायचं नाही. एक अंक कमी चालणार नाही मला.

तुझा,
मालोजी


कुवेत
२ एप्रिल २००५

प्रिय मालोजी,

सलाम. तुझं पत्र वाचून आमच्या खोलीतले सगळे हसले. इथे बटण दाबलं की अख्खी गाडी येते, हेडलाइटसकट. रागावू नकोस. मी 'वेगवाट'ची साइट बघितली, चांगली केलीय. कागदाला वाळवी लागते, पाणी लागतं, उंदीर लागतात. हे सगळं कायमचं राहतं म्हणतात.

फक्त एक सांगतो. लेख वाचून झाल्यावर खाली 'आपले मत नोंदवा' असा चौकोन होता. मला बरं वाटलं. मी लिहिलं, 'मालोजी गाढव आहे.' दुसऱ्या दिवशी बघतो तर त्यांनी ते काढून टाकलेलं. तेव्हा तुझं थोडं पटलं.

किल्ली पोस्टाने पाठवायची नाही, हरवेल. ऑगस्टमध्ये सुट्टी मिळेल असं साहेब म्हणतोय. आलो की आपण दोघं मिळून पेटी उघडू. तोवर चिंता करू नकोस. तुला माहितीय, अब्बांना गाड्यांची चित्रं बघितलेली खपायची नाहीत, चित्रांनी पोट भरत नाही म्हणायचे. म्हणून पेटी घरी नेली तेव्हाच मी झाकणावर लाल पेंटने लिहून ठेवलं, 'महत्त्वाचे कागद. हात लावू नये.' अब्बा गेले, पण आजही त्या पेटीला कुणी हात लावत नाही. अम्मीला आणि धाकट्या शगुफ्ताला वाटतं, आत घराचे नि जमिनीचे कागद आहेत. यापेक्षा चांगलं कुलूप कुठल्या कंपनीने काढलंय?

तुझा,
नासिर


कापडे
१९ सप्टेंबर २००५

नासिर,

तुझी सुट्टी रद्द झाल्याचं कळलं. जुलैतल्या पुराचं तर तुला फोनवर सगळं समजलंच असेल. तिकडे दासगाव-जुईला डोंगर माणसांवर आला, त्यापुढे आपलं नुकसान झालं असं म्हणायचीसुद्धा लाज वाटते. तुझं घर उभं आहे. वाट मोकळी झाल्यावर मी स्वतः जाऊन अम्मीला आणि शगुफ्ताला बघून आलो. तळमजला चिखलाने भरलेला होता आणि दोघी घमेल्याने उपसत होत्या. मीही दिवसभर उपसला. पेटीचं विचारायला जीभ रेटत नव्हती, तरी निघताना विचारलं. शगुफ्ता म्हणाली, पेटी वर नेली होती, सुकी आहे. एवढंच म्हणाली आणि आत गेली. मी सुटकेचा निःश्वास टाकला.

आता पुढचं ऐक, आणि हे मी शांतपणे लिहितोय असं समजू नकोस.

काल राजदूतची क्लच केबल आणायला महाडला गेलो होतो. परतीच्या गाडीला वेळ होता म्हणून स्टँडवर बाकावर बसलो. शेजारी एक शाळकरी मुलगी नाते गावच्या गाडीची वाट बघत होती, भूगोलाचं पुस्तक उघडून. पुस्तकाला कव्हर होतं, आणि त्या कव्हरवर, नासिर, शहाण्णवच्या दिवाळी अंकातली इंजिनाची आकृती होती. मी जवळ सरकलो. समासात माझं अक्षर! 'नासिर, तुझा मेंदू फोर-स्ट्रोक आहे, चार वेळा वरखाली केल्यावर एकदा पेटतो.' आणि त्याखाली तुझं, 'आणि तुझा टू-स्ट्रोक. आवाज फार, धूर फार, आणि वरून तेलही पाजावं लागतं.' त्याच्यावर मध्यभागी लेबल डकवलेलं, नाव अंकिता, इयत्ता सहावी.

मी तिला विचारलं, बाळ, हे कुठून आणलंस? ती म्हणाली, "बाईंनी दिलाय. आख्ख्या वर्गाला दिलंय. मना लाल गाडीवाला पायजे व्हता, तो दुसरीनं घेतला." कोण बाई, तर मुकादम बाई. म्हणजे आपली शगुफ्ता!

नासिर, तुझ्या बहिणीने आपली सात वर्षं फाडून पोरांच्या पुस्तकांना घातली. पुरातून वाचलेली, सुकी, धडधाकट सात वर्षं! पुण्याच्या त्या लोकांनी निदान रद्दीत घातली, ते परके होते. ही तर घरची. आणि मला तोंडावर सांगते, सुकी आहे. शिक्षिका ना ती? छापलेल्या कागदाची किंमत शिक्षिकेला कळू नये तर कुणाला कळावी? कव्हराला दुसरा कागद मिळाला नाही हिला? तू तिला जाब विचार. तुला जमत नसेल तर मी विचारतो. उरलेले अंक ताबडतोब माझ्या ताब्यात दे म्हणावं.

मालोजी


महाड
८ ऑक्टोबर २००५

मालोजीभाऊ यांस,

तुमचं पत्र भाईने फोनवर मला वाचून दाखवलं. वाचताना तो हसत होता. मला हसू आलं नाही, म्हणून हे लिहितेय. तुम्ही मला लहानपणापासून ओळखता, मी उलट बोलणाऱ्यातली नाही. आज बोलणार आहे.

त्या दिवशी पुराचा भोंगा झाला तेव्हा आम्ही फार घाबरलो नाही. आमच्या पेठेत पाणी येतं, उंबऱ्याला लागतं आणि जातं. काय आधी वर न्यायचं ते प्रत्येक घरात ठरलेलं असतं. आमच्याकडे आधी कागद, मग धान्य, मग अंथरूण, मग बाकीचं. अब्बांनी घालून दिलेला नियम आहे, घर गेलं तर कागदावर परत उभं राहतं म्हणायचे. आणि आमच्या घरातले कागद म्हणजे ती पेटी. झाकणावर तसं लिहिलंच आहे.

ती किती जड आहे तुम्हाला माहीत असेल. अम्मीचे गुडघे तुम्हाला माहीत आहेतच. आम्ही दोघींनी ती एकेका पायरीवर टेकवत वर नेली. अम्मी मध्येच बसली, म्हणाली, "ऱ्हाऊ दे गो, दम लागला." मीच तिला म्हटलं, अम्मी, कागद आहेत, उठ. ती उठली. पेटी वर ठेवून मी खाली धावले तर पाणी कमरेला लागलं होतं आणि लाकडी कपाट आडवं होऊन तरंगत होतं. त्या कपाटाच्या खणात माझी फाइल होती. दहावीपासून डी.एड.पर्यंतचे माझे सगळे मूळ कागद. मी हात घातला तेव्हा खण उघडा होता आणि आत चिखल होता.

पाणी ओसरल्यावर अम्मी म्हणाली, निदान घराचे कागद बघून घे, ओल लागली नसेल ना. किल्ली भाईकडे. मी वरवंट्याने कुलूप तोडलं. सगळ्यात वर एक पिवळी मोटारसायकल होती आणि तिच्यावर एक माणूस दात काढून बसला होता.

मी तळापर्यंत शोधलं. नुसत्या गाड्या. घराचे कागद नंतर अब्बांच्या जुन्या कोटात सापडले, खुंटीवर, सुके.

मी नऊ वर्षं तासिकेवर शिकवतेय. ऑगस्टमध्ये कायम नेमणुकीसाठी कागद तपासायला साहेब आले होते. म्हणाले, मूळ प्रती दाखवा. मी पुराचं सांगितलं. म्हणाले, वाईट झालं, पण मूळ प्रती दाखवा. मी काय दाखवायला हवं होतं, मालोजीभाऊ? पिवळी मोटारसायकल? त्यांनी सहामाहीनंतर, डिसेंबरपर्यंतची मुदत दिलीय. नंतर ती जागा दुसऱ्या कुणाला जाईल.

आता कव्हरांचं. मदतीची पुस्तकं आली ती एका पावसात भिजली असती तर पोरांना दुसरी मिळाली नसती. कव्हर हवंच होतं. तुम्ही विचारता, दुसरा कागद मिळाला नाही का. महाडमधल्या प्रत्येक दुकानातल्या कागदाचा लगदा झाला होता, आमच्याकडचा चिखल उपसायला आलात तेव्हा तुम्ही बघितलंच असेल. सुका, जाड, गुळगुळीत कागद फक्त माझ्याकडे होता. मी पिना काढल्या आणि वाटला. एकेक पीन काढताना मला बरं वाटत होतं, हेही भाईला कळवा.

समासातलं मी सगळं वाचलं. इतकी अक्कल दोघांनी समासात घातलीत. त्यातली चिमूटभर घरात सांगून ठेवली असती की ह्या पेटीत काय आहे, तर आज मी हे पत्र लिहीत नसते. सर्टिफिकेटांचं मी भाईला सांगितलेलं नाही. तो तिकडे एकटा आहे.

मासिकं परत हवीत ना तुम्हाला? माझे कागद आणून द्या. मग बोलू.

शगुफ्ता


कुवेत
११ नोव्हेंबर २००५

मालोजी,

तू शगुफ्ताचं पत्र जसंच्या तसं पाठवलंस, बरं केलंस. ती मला फोनवर सगळं ठीक आहे म्हणाली होती. मी पाण्याची पातळी विचारली, दुकानांचं विचारलं, पेटीचं विचारलं. तिचं विचारायचं राहिलं.

मी साहेबाकडे पुन्हा सुट्टी मागितली. नाही म्हणाला. मी त्याच्या टेबलावर रागाने हात आपटला, तर तिथल्या लोकांनी मला बाहेर नेलं. इथून मी काही करू शकत नाही. दुसऱ्या प्रती काढायला ती शाळा सोडून बोर्डाच्या मुंबईच्या ऑफिसात खेपा घालू शकत नाही आणि अम्मीला एकटी ठेवू शकत नाही. तू जा. तुझ्या मासिकांसाठी जा, माझ्यासाठी जा, कशासाठीही जा, पण जा.

नासिर


कापडे
१४ मे २००६

प्रिय नासिर,

सहा महिने लिहिलं नाही, कारण लिहायला बसलो की पेनाचं टोक मोडायचं. रागाने. आता काम झालंय म्हणून लिहितो.

मुंबईच्या त्या ऑफिसात पहिल्यांदा गेलो तेव्हा खिडकीतला माणूस म्हणाला, काळजी करू नका, आता सगळं कॉम्प्युटरवर आहे. मी म्हटलं, देवासारखे भेटलात, काढून द्या. तर म्हणतो, अर्जाला मूळ गुणपत्रकाची झेरॉक्स जोडा. अरे, मूळ वाहून गेलं म्हणूनच आलो ना तुझ्या दारात? मग म्हणाला, पोलिसांचा दाखला आणा. महाडला आलो, तर पोलिसांचेच कागद पुरात गेलेले. ते म्हणाले, तलाठ्याचा पंचनामा आणा. तलाठी म्हणाला, पंचनाम्यात भांडीकुंडी, धान्य, गुरं येतात, गुणपत्रकाचा रकाना नाही. मी त्याच्या टेबलासमोर खाली बसलो आणि म्हटलं, रकाना आखल्याशिवाय उठत नाही. आखला त्याने शेवटी, पट्टी घेऊन.

नासिर, मला ह्या जगाचं कळत नाही. मी 'वेगवाट' मागितलं तर म्हणतात, आता कागद कशाला हवा, कागदाचे दिवस गेले. आणि तुझी बहीण नऊ वर्षं रोज त्यांच्या डोळ्यांसमोर शिकवते, तर म्हणतात, ते आम्हाला माहीत नाही, कागद दाखवा. कागद नको असेल तर कुणालाच नको म्हणा ना! मी हे त्या खिडकीवर मोठ्याने म्हणालो. मागच्या रांगेतले लोक हो म्हणाले, पण खिडकी बंद झाली.

मुदत टळत होती तेव्हा शाळेच्या मुख्याध्यापकांनी ती कशीबशी वाढवून घेतली. एप्रिलात दुसऱ्या प्रती मिळाल्या. प्लास्टिकमध्ये गुंडाळून, शर्टाच्या आत घालून आणल्या. शगुफ्ताने एकेक कागद उजेडाकडे धरून बघितला आणि जपून परत प्लास्टिकमध्ये ठेवला. मग म्हणाली, बसा, चहा ठेवते. गेल्या वर्षभरात त्या घरात मला पहिल्यांदा चहा मिळाला.

आणि मग तिने आतून दोन गोणी ओढत आणल्या. परीक्षा संपल्या की पोरं पुस्तकं खालच्या वर्गाला देतात ना, तेव्हा हिने प्रत्येकाला बजावलं होतं की कव्हर न फाडता काढून आणायचं. बहुतेकांनी आणलं. मी दोन दिवस तिच्या ओटीवर पानं जुळवत बसलो. काय अवस्था आहे म्हणून सांगू! एका पोराला पान सरळ दुमडता येत नाही. टाकीवर लेबल, हेडलाइटवर शाईचा डाग, पंच्याण्णवच्या जूनमधल्या गाडीच्या चाकावर कुणीतरी पाढे लिहिलेत. काही पानं आलीच नाहीत. संच आता कधीच पुरा होणार नाही, आणि हे लिहिताना मला वाईट वाटतंय ते तुला कळेल, दुसऱ्या कुणाला नाही.

ती भूगोलाच्या पुस्तकावरची आकृतीही आलीय. आपल्या दोघांच्या भांडणाखाली त्या अंकिताने पेन्सिलीने तिसरी ओळ लिहिलीय, 'ॲव्हरेज किती देते ते दोघांनीपण लिहिलेलं नाही.' मी पुन्हा पुन्हा वाचली. सात वर्षं आपण भांडलो नासिर, आणि ते खरंच लिहिलेलं नाही रे.

पेटी कापड्याला न्यायला मी हैबतीच्या भाच्याचा टेम्पो घेऊन गेलो होतो. पानं भरली, वर मार्चचा शेवटचा अंक ठेवला आणि झाकण लावणार, तेवढ्यात शगुफ्ता तिची नवी फाइल घेऊन आली, ती सगळ्यात वर ठेवली, नवं कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली. मी म्हटलं, अगं, पेटी माझ्याकडे जायची ठरलीय. ती म्हणाली, तुमच्याकडे पूर येत नाही, तुम्हाला पेटी कशाला? मी रिकामा टेम्पो घेऊन परत आलो. भाडं मात्र दोन्ही वेळचं घेतलं त्याने. ह्याचा निकाल तू सुट्टीवर आल्यावर लावायचा आहे, आणि तो माझ्या बाजूने लागला पाहिजे.

मालोजी


महाड
३० जुलै २००६

मालोजीभाऊ यांस,

नेमणुकीचा हुकूम आला, हे आधी सांगते. भाईला फोन केला तर त्याला काही बोलताच येईना. म्हणून तुम्हाला लिहितेय, तुम्ही काहीतरी बोलालच.

काल भोंगा झाला. पाणी उंबऱ्यापर्यंत आलं आणि रात्रीतून उतरलं, सगळं ठीक आहे. पण आम्ही वाट बघितली नाही. भोंगा संपायच्या आत दोघींनी पेटी वर नेली. अर्ध्या जिन्यात अम्मीने टेकवली आणि मला विचारलं, "आत काय हाय ता नीट म्हायती हाय ना गो तुना?" मी म्हटलं, आहे. माझी सर्टिफिकेटं आहेत, हुकूम आहे, घराचे कागद आहेत.

तुमच्या गाड्या तळाशी आहेत. त्याही सुक्या आहेत. ह्या वेळी खरंच.

झाकणावरचा लाल रंग उडत चालला होता, तो मी परवा पुन्हा दिला. अक्षर भाईचंच ठेवलंय. फक्त 'हात लावू नये' तेवढं पुसून टाकलं.

शगुफ्ता